वहिनींचं नाव

—हो, मिरजच. पण मूळचे नव्हे हं, वडील रेल्वेत होते म्हणून मिरज. आणि तू सांगलीची! बघ म्हणजे, इथे जर्मनीत, बाड हॉम्बुर्गच्या रातहाउससमोर, म्हणजे नगरपालिकेसमोर, बाकावर बसायचं आणि शेजारी सांगलीची मुलगी निघायची. मघाशी तू फोनवर म्हणालीस ना, "आई, टेर्मिन मिळालाय, आता ठेव" — तेव्हाच मी कान टवकारले. नाव काय म्हणालीस, शिवांगी? छान. मी नागेश पोंक्षे. काका म्हण, चालेल. तुझ्या टेर्मिनला, म्हणजे अपॉइंटमेंटला, अजून वेळ आहे ना? मग बस. आतमध्ये माझा मुलगा, सूनबाई, आमची ही आणि नात — नात अजून महिन्याचीसुद्धा नाही — तिचं नाव नोंदवायला गेलेत. जन्माचे कागद इस्पितळातून आधीच आलेत इथे, नाव तेवढं द्यायचं राहिलं होतं, ते आज. मी? मी नाही गेलो. म्हटलं, उगाच गर्दी कशाला. खरं म्हणजे तसं नाही — पाय उचलेना माझा. आता तुला खोटं कशाला सांगू? एक खोटं पुरे झालं.

कसलं म्हणजे — सांगतो, पण आधी सून सांगायला हवी, नाहीतर तुला काही कळायचं नाही. सून आयरिश आहे आमची. ऑर्ला. प्रसन्नच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या ऑफिसातच ओळख झाली, मग लग्न. मुलगी लाखात एक. आणि तिला नाद कसला माहितीये? पूर्वज शोधायचा. जेवणं आवरली की लॅपटॉप उघडून आयर्लंडची जुनी शिरगणती वाचत बसते. एकोणीसशे एक आणि एकोणीसशे अकरा, या दोन सालांचे घराघरांचे कागद सगळे इंटरनेटवर आहेत, हातानं लिहिलेले, जसेच्या तसे. घरात कोण कोण होतं, कुणाचं काय नातं, वय किती, वाचता येतं का, आयरिश बोलता येतं का, घराला पुढच्या बाजूनं खिडक्या किती — अगं खिडक्यासुद्धा मोजल्यात! ज्याला लिहिता येत नव्हतं त्याचं पोलिसानं लिहून घेतलंय आणि खाली त्याची फुली. मी पहिल्यांदा बघितलं आणि खुळावलोच. माझा जन्म गेला चिंचवडला ड्रॉइंग ऑफिसात, पुसट आणि बारीक वाचायची सवय. ती विचारायची, "बाबा, हे अक्षर काय आहे?" — बाबाच म्हणते मला, मराठीत — आणि मी चष्मा कपाळावर चढवून नाक पडद्याला लावून सांगायचो. गेल्या वर्षी आलो होतो तेव्हा आणि आता, असे दोन मुक्काम आम्ही दोघं तेच करत बसलो. प्रसन्न म्हणतो, माझ्या बापाला माझ्या बायकोनं कामाला लावलं. पण मला काय आवडायचं ते! एक म्हातारा एकच्या साली पंचावन्न वर्षांचा आणि अकराच्या साली एकदम बहात्तर. मी म्हटलं, लिहिणाऱ्यानं घोळ घातलाय. ती हसायला लागली. म्हणाली, बाबा, मधल्या काळात सत्तरीच्या पुढच्यांना पेन्शन सुरू झालं, जन्माचे दाखले कुणाकडेच नव्हते, अर्धा देश एका रात्रीत म्हातारा झाला. मी स्वतः पेन्शनवाला, मला हसू आवरेना.

पण ती काही नुसती मजा म्हणून शोधत नव्हती. तिच्या पणजीची एक बहीण होती. एकच्या कागदावर आहे ती, बापाच्या घरात, पाच भावंडांत — ब्रिजिड, वय चोवीस, वाचता येतं, लिहिता येतं. अकराच्या कागदावर नाही. बरं, गेली कुठे? लग्न नाही, मृत्यूची नोंद नाही, अमेरिकेला जाणाऱ्या बोटींच्या याद्या बघितल्या, तिथे नाही. घरात कुणाला विचारलं तर कुणी बोलायला तयार नाही, हिची आजी म्हणे विषय काढला की उठून चहा टाकायला जायची. आणि एक दिवस ऑर्लाला ती सापडली. अकराच्याच सालच्या, पण वेड्यांच्या इस्पितळाच्या कागदावर. तिथल्या लोकांची पूर्ण नावं लिहिलीच नव्हती गं कुणी. नुसती आद्याक्षरं. बी. के., स्त्री, चौतीस, मोलकरीण. बस. घराला खिडक्या किती ते लिहायला जागा होती, आणि या बाईला दोन अक्षरं. ऑर्लानं मग चर्चमधल्या जुन्या नोंदी, त्या गावचे लोक, पत्रं, फोन — किती महिने ते करत होती — आणि शेवटी पक्कं केलं की हीच ती. ज्या दिवशी पक्कं झालं त्या दिवशी ती स्वयंपाकघरात उभी राहून रडली. पोट हे एवढं आलेलं. आमची ही — शोभना — हिला इंग्रजी बेताचंच, पण हिनं जाऊन तिला जवळ घेतलं आणि दोघी कितीतरी वेळ तशाच उभ्या. मी दारात. मला खरंच भरून आलं होतं, पण तेव्हा मी काय बोललो माहितीये?

मी म्हणालो — इंग्रजीत म्हणालो, म्हणजे तिला नीट कळावं — म्हणालो, आमच्याकडे असं कधी होत नाही. आमच्यात चौदा पिढ्यांची नावं पाठ असतात. अरे माणसा! समोर बाई रडतेय आणि तू काय टिऱ्या बडवतोस? पण मला वाटलं, आपल्या घराची शान सांगावी. आणि नुसतं सांगून थांबलो नाही. आमची वंशावळ आणली होती मी इथे, चांगल्या जाड कागदावर छापून घेतलेली, सुनेला भेट द्यायला. ती काढली आणि पसरली जेवणाच्या टेबलावर. ऑर्लानं डोळे पुसले आणि बघायला लागली, मन लावून, जशी ती शिरगणती बघते तशीच. बोटानं एकेक फांदी. मी सांगतोय, हे मूळपुरुष, हे कोकणातून वर आले, हे यांचे तिघे मुलगे. तिनं बोट पार खालच्या नावापर्यंत नेलं आणि म्हणाली, "बाबा, बायका कुठायत?"

काय सांगणार? नव्हत्याच. पुरुषाला पुरुष झाला, त्याला दोन पुरुष झाले, त्यातल्या एकाला तीन — वाचायला गेलं तर हसूच यावं असं. मी इतकी वर्षं ते भिंतीवर बघत आलो आणि मला कधी दिसलंच नव्हतं. मी म्हटलं, "बायका घरात असायच्या." विनोद म्हणून म्हटलं गं. कुणी हसलं नाही.

मग पोरगी झाली. आणि इस्पितळातून घरी आल्यावर एका रविवारी जेवताना ऑर्लानं सांगितलं की हिला दोन नावं द्यायची. एक ब्रिजिड — ती दोन अक्षरांची बाई. आणि दुसरं आमच्या बाजूच्या एका बाईचं. मी म्हटलं, मग शोभना ठेव की, आजीचं नाव, सोपं काम. ती म्हणाली, नाही, आईंचं नाव सगळ्यांना माहितीये, आईंच्या नावाचे पासपोर्ट आहेत, फोटो आहेत. मला ती हवी जिचं कुणी लिहून ठेवलं नाही. तुमची आजी, बाबा. तुमच्या वडिलांची आई. तिचं नाव काय?

आता तू म्हणशील, यात अवघड काय? अवघड हे, की आजीला आम्ही वहिनी म्हणायचो. का म्हणजे — माझे वडील त्यांना वहिनी म्हणायचे, स्वतःच्या आईला, कारण वडिलांचे काका म्हणायचे वहिनी, तेच ऐकून सगळ्या घरानं उचललं. असं असायचं गं पूर्वी, तुमच्याकडेही असेल. शेजारीपाजारीही वहिनीच. आजोबा हाक मारायचे ते "ऐकलं का". नाव असं कुणी घेतच नव्हतं. आणि मला म्हणशील तर — मी नऊ वर्षांचा होईपर्यंत त्यांच्या कुशीत झोपलोय. माझी आई दुखणेकरी, सगळं माझं वहिनींनी केलं. मला गोवर निघाला तेव्हा रेल्वेच्या क्वार्टरात त्या आठवडाभर माझ्या उशाशी बसून होत्या, जरा डोळा लागला की मी हात ओढायचो. लाल काठाचं जुनं नऊवारी, त्याला भाजलेल्या भाकरीचा वास. सगळं आठवतं मला. नाव माहीत नाही. सत्तरी उलटली माझी, शिवांगी, आणि मला कधी प्रश्नसुद्धा पडला नाही की त्यांना नाव असेल.

त्याच वेळी म्हणायला हवं होतं, "माहीत नाही." दोन शब्द. पण चौदा पिढ्या पाठ असणारा माणूस मी! तो कागद अजून तिथेच कपाटावर गुंडाळून ठेवलेला, ऑर्ला माझ्याकडे बघतेय, प्रसन्न बघतोय, मांडीवर ते पिल्लू — आणि माझ्या तोंडून निघालं, "ऊर्मिला." कुठून आलं कुणास ठाऊक. आलं तोंडाला. जुनंच नाव आहे ना तसं, रामायणातलं, असू शकतं की एखाद्या आजीचं. ऑर्लाला ते इतकं आवडलं! ऊर्मिला, ऊर्मिला, असं चारदा म्हणून बघितलं तिनं, प्रत्येक वेळी जरा निराळं. "ब्रिजिड ऊर्मिला," म्हणाली, "दोघी आता मोकळ्या झाल्या." आणि मी मान डोलावून भाताचा पुढचा घास घेतला.

नंतर फोन केले की. प्रयत्न केला मी. म्हटलं, खरं नाव मिळालं तर सांगता येईल, म्हातारपणी घोटाळा झाला बुवा. चुलतभावाला केला नाशिकला, तो म्हणतो, "वहिनी म्हणायचो की रे आपण." आतेबहिणीला केला, ती म्हणाली, "आमची आजी — वहिनी." सगळे हसले, कुणालाच काही वाटलं नाही. मलाही पूर्वी वाटलं नसतं. पण इथे ही मुलगी दोन अक्षरांसाठी अर्धं आयर्लंड पालथं घालते, तिच्या पणजीची बहीण, जिला तिनं कधी बघितलंही नाही. आणि मी जिच्या कुशीत वाढलो तिला जेवता जेवता दुसरंच नाव चिकटवून मोकळा. म्हणजे त्या इस्पितळातल्या कारकुनानं निदान दोन अक्षरं तरी खरी लिहिली होती. मला लाज वाटते गं. आरशात बघून दाढी करवत नाही अशी लाज वाटते.

नाही, ऊर्मिला नावाचं नात्यात कुणी नाही. ओळखीत? नाही... म्हणजे होती एक. ऑफिसात. आमच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होती, ड्रॉइंग गिरवून उतरवायची, पण तिचा इथे काय संबंध? किती वर्षं झाली. ऊर्मिला सबनीस. कंपनीची बस डेक्कनवरून सुटायची, मी आधी चढायचो, ती पुढच्या थांब्यावर, तर मी शेजारची जागा धरून ठेवायचो. नुसती जागा. माणुसकी म्हणून. बोलणंसुद्धा हवापाण्याचंच, फार तर डब्यातलं काहीतरी. तसं बघू नकोस माझ्याकडे, काहीही नव्हतं त्यात. लग्न झालेलं होतं माझं, प्रसन्न झालेला होता. मग तिनं नोकरी सोडली आणि गेली बडोद्याला. संपलं. आता तू म्हणतेस तर — म्हणजे तू काही म्हणाली नाहीस, मीच म्हणतोय — त्या क्षणी नेमकं तेच नाव का आलं? चाळीस वर्षं मनात कुठेतरी तिची जागा धरून ठेवली होती की काय मी? आणि आजीची जागा? ती रिकामीच.

शोभनाला माहीत असायचं काही कारण नाही. एकदा कंपनीच्या हळदीकुंकवाला ही आली होती, तिथे भेटल्या असतील दोघी, बस, तेवढंच. पण त्या रविवारी मी ते नाव घेतलं आणि ही ताटावरून उठली. वरण आणायला उठली असेल म्हणा. वरण टेबलावरच होतं. तेव्हापासून माझ्याशी सरळ बोललेली नाही. चहा ठेवते समोर, पण "चहा घ्या" म्हणत नाही. काही हवं असलं तर बाळाला सांगते — "आजोबांना म्हणावं खिडकी लावा." मी म्हटलं, बाळंतपणाचं काम, दमली असेल. सकाळी निघताना मात्र मी म्हणालो, मी नाही येत आत, तर नुसतं बघितलं माझ्याकडे. अगं, बोलून टाकलं असतं तर बरं! आता आत ते नाव सांगत असतील त्या नोंदणीच्या टेबलावरच्या बाईंना. जर्मन लोक, एकदा लिहिलं म्हणजे लिहिलं. ती पोर मोठी होईल, शाळेत जाईल, हॉस्पिटलात, एअरपोर्टवर, कुठेही पूर्ण नाव विचारलं की ती ते सांगणार, आणि अभिमानानं सांगणार, माझ्या पणजोबांची — नाही, माझ्या आजोबांच्या आजीचं नाव आहे हे. आणि मी तिथे बसलेला असेन मान डोलवत. अजून वेळ आहे म्हण. उठून गेलो तर अजून वेळ आहे. पण जाऊन सांगू काय? हे नाव खोटं आहे, आणि खरं मला ठाऊक नाही — असं त्या बाईंसमोर, सुनेसमोर, त्या —

थांब हं. ही आली बाहेर. एकटीच आलीये.

काय गं, झालं? ... मला? मला कशाला आत? ... ऑर्ला म्हणतेय? — अगं शिवांगी, ऐकलंस, ऑर्लानं अडवून धरलंय म्हणे, बाबांच्या आजीचं नाव बाबांनीच सांगायचं, त्यांचाच मान तो, बाबांना बोलवा. ... शोभना, थांब. बस इथे जरा. असू देत वाट बघत. ही शिवांगी, सांगलीची आहे. हिच्यासमोरच सांगतो, हिला कळलंय सगळं. मला वहिनींचं नाव माहीत नाही. मी ते असंच ठोकून दिलं. ... माहितीये म्हणजे? तुला माहीत होतं? ... हं. ... हो, ती सबनीसच. ... नाही, मुद्दाम नाही गं, तुझी शपथ, माझ्या ध्यानीमनी — ... हो. बरोबर आहे तुझं. रोज ती हाक तुझ्या कानावर पडणार होती. माझ्या डोक्यातच आलं नाही. ... जागा धरायचो तेही? ते तुला कुणी — ... बरं. बरं, नको. नको सांगूस.

मग आता काय सांगू मी आत जाऊन? ... खरं कुठलं सांगू, मला माहीत असतं तर — ... तुला? तुला कसं माहीत असेल? तू तर त्यांना बघितलंही नाहीस, आपल्या लग्नाआधीच त्या गेल्या. ... दरवर्षी? कोण घेतं दरवर्षी? ... मी?

मी घेतो?

... पक्षात. हो. महालयाला. ... शिवांगी, ही म्हणतेय — गुरुजी एकेक नाव सांगतात ना, वडील, आजोबा, पणजोबा, मग आई, आजी, पणजी, नाव, गोत्र, आणि आपण ते मागून म्हणायचं, पाणी सोडायचं. वडील गेल्यापासून दरवर्षी मीच म्हणतो. गुरुजी आमचे वडिलांच्या वेळेपासूनचे, त्यांना सगळी पाठ. म्हणजे माझ्याच तोंडून गेलंय ते, दरवर्षी, माझ्याच तोंडून! आणि मी त्या वेळी — मी घड्याळाकडे बघत असायचो गं. बस चुकेल म्हणून. आणि निवृत्त झाल्यावर? निवृत्त झाल्यावर सवयीनं. आणि ही आत वडे तळताना ऐकत होती.

मग तू त्या रविवारी बोलली का नाहीस? ... हो. ... नाही विचारलं. तुला विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. नाशिकला फोन केला.

सांग. ... काय? ... परत सांग, हळू सांग. ... द्वारका.

तू जा बाळ आता. तुझा टेर्मिन होईल. जा, अशी बघत उभी राहू नकोस माझ्याकडे.